बिनफोडणीचा डबा

घ्या, चहा घ्या. माझ्या कपाकडे काय बघता, माझा काळाच असतो. मी दूध सोडलंय हे आता अख्ख्या मेहकरला ठाऊक आहे. पण त्या सोडण्यापायी दुसरबीडला जाऊन मी काय करून बसलो, ते तुमच्या कानावर आलं नसणार. ज्यांना माहीत आहे ते सगळे घरचे, आणि त्यांचं अजून ठरत नाही की यावर हसावं का रडावं. माझंही ठरत नाही. तुम्ही ऐका आणि काय ते ठरवा.

मागल्या वर्षी माझी साखर वाढली. वाढली म्हणजे किती, तर रिपोर्ट बघून डॉक्टरांनी आधी मला बसायला सांगितलं. मी बसलेलाच होतो! मग एका मित्राने मला धरून एका शिबिराला नेलं. तिथे सांगितलं, दूध बंद, दही बंद, तूप बंद, आणि सगळ्यात कठीण म्हणजे तेलही बंद. जे खायचं ते झाडाचं, वेलीचं, जमिनीतलं. जाताना मी टिंगल करत गेलो आणि येताना भक्त होऊन आलो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ना, माझे काही संपेनात.

आमच्या सुनंदाने, म्हणजे बायकोने, हे पहिल्या दिवशी ऐकून घेतलं. दारात बांधलेली म्हैस, तिचं ताक-लोणी करण्यात बाईचा निम्मा जन्म गेलेला, आणि मालक म्हणतो मी दुधाला शिवणार नाही. ती शांतपणे म्हणाली, मग तुमचं तुम्ही शिजवा. झालं! तेव्हापासून आमच्या घरात दोन स्वयंपाक होतात. तिचा वास गल्लीभर जातो, माझा पातेल्याबाहेर पडत नाही.

मी करतो काय? ज्वारीची भाकरी. तुरीचं वरण, नुसतं शिजवून घोटलेलं, फोडणी नाही. भाजी वाफेवर. शेंगदाण्याचं दही लावतो, ते कधी लागतं, कधी लागत नाही. आणि कडुनिंबाच्या कोवळ्या पानांची चटणी, साखरेवर एकदम रामबाण. आता एवढं चांगलं अन्न एकट्याने खायचं? माझा स्वभाव नाही तो. रोज ताटाचा फोटो काढून मी भावकीच्या ग्रुपवर टाकायचो. एका चुलतभावाने विचारलं, दादा, घरात कोणी आजारी आहे का? माझ्या जनरल स्टोअरच्या शेजारी टेलर आहे, त्याला मी डबा देऊ लागलो. आठवडाभर तो छान छान म्हणत राहिला. मग कळलं की तो मागच्या दाराने बकरीला घालत होता, आणि बकरीनेही आता त्या दाराकडे यायचं सोडलं होतं.

हसा, हसा. पुढे हसू येणार नाही.

बीबीला माझे नानाकाका राहायचे. रस्त्याच्या कडेलाच त्यांचा मळा, वांगी, मेथी, कोथिंबीर, असं काय काय लावायचे. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे मला बाप म्हणजे काय ते काकाकडूनच कळलं. त्यांची थोरली बहीण, आमची अंजनाआत्या, तिला दुसरबीडला दिलेली. पाच भावंडांपैकी ही दोघंच उरलेली. काका दर बाजाराच्या दिवशी पिशवीभर भाजी घेऊन बहिणीकडे जायचे आणि दोघं ओट्यावर बसून भांडायचे. भांडणाचा विषय, लहानपणी आईच्या दुधावरची साय कोण खायचं. साठ वर्षं झाली तरी निकाल लागलेला नव्हता.

या उन्हाळ्याच्या तोंडावर आत्याच्या छातीत दुखायला लागलं. जालन्याला नेलं, स्प्रिंग बसवली. ती तिकडे दवाखान्यात असतानाच इकडे नानाकाका मळ्यात मोटर चालू करायला गेले, विहिरीच्या कडेला बसले, आणि बसले ते उठलेच नाहीत.

आत्याचा मुलगा गणेश. तो जालन्याहून मातीला आला आणि स्मशानातच आम्हा सगळ्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "आईले आत्ता कोनी सांगू नका. डॉक्टरनं सांगितलं, धक्का बसला त आमच्या हातात काही नाही. नानामामा त गेलाच, आता आई राहू द्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिला जरा ताकद आली की सांगू, असं ठरलं. आणि मग तुम्हाला माहीतच आहे, अशा गोष्टीचा दिवस कधी उजाडत नाही. दहावं झालं, तेरवी झाली, महिना उलटला. आत्या घरी आली, हिंडू-फिरू लागली, आणि रोज विचारू लागली, नाना काऊन येत नाही?

आता खोटं बोलायचं तर सगळ्यांनी बसून एकच ठरवायला नको का? गणेशने सांगितलं, मामा सुरतला पोरीकडे गेला. दुसऱ्या कोणी सांगितलं, त्यांचा फोन बिघडला. मला आत्याने फोन केला तेव्हा मी यातलं काही आठवण्याच्या आत बोलून गेलो की काकाचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून फोनवर बोलता येत नाही.

आत्या म्हणाली, फोन कानाला लावतात ना? मी म्हटलं, हो, पण डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे. ती म्हणाली, फोन घ्यायला वाकावं लागतं का? मी म्हटलं, फोन चार्जिंगला खाली असतो ना! ती बरं म्हणाली. मला वाटलं, जिंकलो. फोन ठेवून मी स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली.

काही दिवसांनी गणेशचा फोन आला. म्हणाला, आई जेवतच नाही. ताट समोर ठेवलं की सरकवून देते. डॉक्टर म्हणतात तेल नको, तूप नको, मीठ बेताने. आणि असंच चाललं तर बाई उपाशीच जायची. मग म्हणाला, "दादा, तू ते बिनतेलाचं काय खातो ना, ते आईले करून आन ना एकदा. तुह्या हातचं म्हनून दोन घास तरी खाईन."

तुम्हाला कल्पना नाही मला काय झालं ते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझं जेवण मागितलं होतं. तेही आत्यासाठी! गणेशने पुढे बजावलं, फक्त तोंड सांभाळजो. मी म्हटलं, तू चिंता करू नको.

आणि खरं सांगतो, मी फार काळजी घेतली. काकाच्या दहाव्याला भावकीतल्या सगळ्या पुरुषांसारखं माझंही डोकं भादरलेलं होतं. केस नुसते खुंटासारखे आले होते. ते झाकायला टोपी घातली. आरशासमोर उभा राहून 'काका मजेत आहेत' हे वाक्य हसत हसत म्हणून पाहिलं. आत्याने विचारलं तर काय, रडली तर काय, सगळी उत्तरं तयार केली. फक्त डब्याकडे पाहायचं सुचलं नाही. सुनंदा घरी असती तर तिने नुसतं झाकण उघडून पाहिलं असतं आणि कपाळावर हात मारला असता. पण ती माहेरी गेली होती.

डब्यात मी माझे सगळे हातखंडा पदार्थ भरले. खालच्या कप्प्यात भाकरी, त्यावर पांढरं वरण, हळदसुद्धा संपली होती म्हणून घातली नव्हती. त्यावर उकडलेला दुधी. वरच्या कप्प्यात कडुनिंबाची चटणी. बत्त्याने ठेचलेली, वर शोभेला दोन कोवळी पानं.

मेहकरहून दुसरबीडला जाताना गाडी बीबीवरून जाते. काकाचा मळा कोणत्या हाताला येतो ते मला झोपेतही सांगता येईल. मी मुद्दाम दुसऱ्या बाजूच्या खिडकीला बसलो, डबा मांडीवर घट्ट धरला, आणि गाव मागे पडेपर्यंत मोबाईलमध्ये डोकं घालून बसलो. काका गेल्यापासून मी रडलो नव्हतो. लाकडं आणायला मी, निरोप द्यायला मी, तेरवीचा आचारी बघायला मी. आणि ते संपलं तर हे गुपित सांभाळायला मी. रडायला वेळच मिळाला नाही.

आत्या पुढच्या खोलीत खाटेवर बसली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, एवढी वाळली होती. मी दारातूनच हसायला सुरुवात केली. इतका हसलो की तिने विचारलं, तुला बक्षीस लागलं का? मग टोपीकडे पाहून म्हणाली, घरात टोपी कशाला? मी म्हटलं, सर्दी झाली आहे. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. गणेश माझ्याकडे बघून डोळे वटारत होता.

पण बाकी माझं तोंड एकदाही घसरलं नाही, हे मान्य करा. तिने नाना कसा आहे विचारलं. मी म्हटलं, मजेत आहेत, डोळ्यावर हिरवी पट्टी आहे, तुझी आठवण काढतात. तिने मान हलवली. मी विषय बदलला आणि तिला माझ्या शिबिराची गोष्ट सांगू लागलो. दूध सोडल्यावर माझी साखर कशी उतरली, गुडघे कसे मोकळे झाले, पोट कसं हलकं वाटतं. गणेशने ताट आणलं. मी म्हटलं, वाढतो मी, माझ्या हाताने वाढतो.

भाकरी ठेवली. तिच्याशेजारी वरण, दुधी. बाजूला कडुनिंबाची चटणी. आणि मग मी, हा असा शहाणा, कमरेवर हात ठेवून तिला पद्धत सांगितली. "आत्या, आधी तो कडुनिंब तोंडात घाल. नीट चाव. मंग भाकरी मोड."

तिचा हात ताटावर थांबला.

आता आमच्याकडची रीत सांगतो, तुमच्यापैकी कोणाला माहीत नसेल तर. माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. सोयरे, शेजारी डब्यातून भाकरी-वरण घेऊन येतात. त्याला फोडणी नसते, हळद नसते, तेलाचा थेंब नसतो. मातीहून आलेल्यांनी आधी कडुनिंबाचं पान चावायचं, मग तो घास खायचा. कडू घास म्हणतात त्याला. आणि बाईचं माहेरचं माणूस गेलेलं असलं तर आमच्या भावकीत तो घास तिच्यासाठी माहेरचा माणूस घेऊन जातो. भाऊ, भाचा, जो उरला असेल तो.

आता माझा डबा आठवा. डबा घेऊन कोण आलंय ते आठवा. आणि मी तिला काय म्हणालो, तेही.

आत्याने ताटाकडे पाहिलं, कडुनिंबाकडे पाहिलं. मग हात वर करून तिने माझ्या डोक्यावरची टोपी काढली आणि खाटेवर ठेवली.

"नाना गेला," ती म्हणाली.

विचारलं नाही तिने, नुसतं म्हणाली. माझ्या तोंडून आपोआप निघालं की नाही, नाही, डोळ्याचं...

"राहू दे बे आता ते डोळ्याचं."

गणेश भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा असा होता की आईला काही झालं असतं तर त्याने मला जिवंत सोडलं नसतं, आणि मीही सोड म्हणालो नसतो. तो गोळ्यांचा डबा शोधायला आत पळाला. मी आत्याचा हात धरला, नाडी कुठे असते तेही मला कळत नव्हतं, नुसता धरला. डोक्यात एकच चाललं होतं. ज्या बाईला दोन घास खाऊ घालायला आलो, तिला मी मारलं.

आत्याने माझ्या हातातून तिचा हात सोडवून घेतला. कडुनिंबाची दोन्ही पानं उचलली, तोंडात घातली, आणि सावकाश चावली. मग भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, खाल्ला. मग दुसरा. खाता खाता तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, मग तिने आवाज काढला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या रडतात तसं, गेलेल्याशी बोलत बोलत. नाना, मले न सांगता गेला रे, माह्या आधी जायाचं तुले कोनं सांगितलं रे, असं. शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. एकीने आत येऊन पाठीवर हात ठेवला. ती रडत राहिली आणि घास खात राहिली.

गावातले डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, मशीन लावलं. म्हणाले, ठीक आहे, रडू द्या. तेव्हा कुठे गणेश खाली बसला.

जरा शांत झाल्यावर आत्या बोलली. "महिना झाला, मले कोनी रडू देईना. मले का समजत नव्हतं? एक म्हने सुरतले गेला, एक म्हने फोन बिघडला, अन् ह्याचं डोळ्याचं. पन तोंडानं कोनी म्हनत नाही तवर कसं रडाव? जित्या मानसाले रडल्यावानी होते ते. म्या मनात धरून बसली होती, माहेरचं कोनी येईन, घास घिऊन येईन, मंग समजीन मले."

मग तिने माझ्या खुंटं आलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "दिलीप आला. तोंडानं सांगवलं नाही त डब्यात घालून आनलं. शहाना झाला रे तू."

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. एका बाईने पदराने डोळे पुसले. आणि गणेश, जो थोड्या वेळापूर्वी माझा गळा धरायला निघाला होता, तो हळू आवाजात म्हणाला, "दादा, माह्या डोक्यात हे आलंच नसतं."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी काय करायचं असतं? सांगायचं का, की माय, मी काही शहाणा-बिहाणा नाही, मला हे सुचलंच नव्हतं, हे माझं रोजचं जेवण आहे? मी मान खाली घातली. घातली ती शरमेने, पण बघणाऱ्यांना नम्रता वाटली असणार. चार बाया आपसात म्हणाल्या, आजकाल एवढी रीत कोण पाळतं. मी तेही ऐकून घेतलं.

आणि तिथेच थांबलो असतो ना, तर आजही दुसरबीडात माझं नाव निघालं असतं. पण माणसाचा स्वभाव कुठे जातो? बाया गेल्या. आत्याचं ताट माझ्यासमोर होतं, आणि त्यात भाकरीचा एक लहानसा तुकडा सोडला तर काहीही उरलेलं नव्हतं. वरण पुसून खाल्लेलं, दुधी संपलेला, चटणीचा ठिपका नाही. गेल्या वर्षभरात माझं ताट असं कोणी स्वच्छ केलं नव्हतं. बकरीनेही. काका गेले होते, आत्याचे डोळे सुजले होते, आणि माझ्या तोंडून गेलं, "आत्या, चव बरी होती ना? मीठ-बीठ?"

आत्याने ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, बराच वेळ.

"म्हंजे हे तू घास म्हनून नाही आनलं?"

मी खाटेवरची टोपी उचलली.

"हे तू रोज खातो व्हय?"

"हाव."

"रोज? तिन्ही त्रिकाळ?"

"हाव, आत्या."

"मंग रोज कोनाचं सुतक पाळून राह्यला बे तू?"

गणेशला हसू फुटलं. आत्याच्या सुजलेल्या तोंडावरही काहीतरी हललं. मीही हसायला तोंड उघडलं आणि काय झालं कळलं नाही, हुंदकाच बाहेर आला. कारण कोणाचंही नव्हतं पाळलं मी. काका गेले त्या दिवशी सगळ्यांना घास वाढला आणि माझा स्वतःचा खायचा राहून गेला. तेरवीला काकाच्या नावाची बुंदी पानात आली, तर तुपातली म्हणून बाजूला काढून ठेवली. मळ्यावरून गाडी गेली तर पलीकडे तोंड करून बसलो. आता आत्याच्या खाटेची कड धरून मी असा रडलो की शेजारच्या बाया पुन्हा दारात आल्या.

आत्याने रडू दिलं मला. मग ताटातला तो राहिलेला तुकडा उचलला, बोटावरचं वरण त्याला पुसलं, आणि लहानपणी भरवायची तसा माझ्या तोंडात घातला. "घे. नानाचा घास हाय. तुह्यबी राह्यलं असन."

मी चावला. गिळला. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, मीठ घालायलाच विसरलो होतो मी.